शारजातला मातीचा माणूस

दुबईहून आलेल्या माणसाला साताऱ्यात पहिला प्रश्न उंच इमारतीचा विचारतात. वर गेला होता का, वरून काय दिसतं. दुसरा प्रश्न सोन्याचा. मी बारा दिवस राहून आले आणि दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे धड उत्तर नाही. उंच इमारत मी मेट्रोच्या खिडकीतून पाहिली, सहा वेळा जाताना आणि सहा वेळा येताना. सोनं पाहिलंच नाही. माझे सहा दिवस गेले शारजाच्या औद्योगिक भागात, टायरवाल्यांच्या आणि गाड्या रंगवणाऱ्यांच्या मागच्या एका गोदामात, मातीच्या एका भांड्यासमोर. बरं, ते भांडं तिथलंही नव्हतं. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, अँडीज पर्वत आणि समुद्र यांच्यामधल्या वाळवंटी पट्टीत, दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ते घडवलं होतं.

माझी ओळख आधी करून देते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षं नोकरी केली. अनुरेखक, म्हणजे पारदर्शक कागदावर नकाशे गिरवणारी, म्हणून लागले, आरेखक म्हणून निवृत्त झाले. कालवे, त्यांना फुटणाऱ्या लहान चाऱ्या, दरवाजे यांचे नकाशे काढणं हे माझं काम. सव्विसाव्या वर्षी एका सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची उजवी बाजू मेल्यासारखी पडलेली. तोंडावरून वारं गेलं, असं आमच्याकडे म्हणतात. बहुतेकांचं महिन्या-दोन महिन्यांत बरं होतं. माझं अर्धंच झालं. उजवा डोळा अजूनही पूर्ण मिटत नाही, आणि ओठांचा डावा कोपरा कायम थोडा वर ओढलेला असतो.

त्यामुळे मी सतत हसते आहे असं लोकांना वाटतं. तेही चांगलं हसू नाही, छद्मी. वडिलांच्या तेराव्याला एका काकांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "हसायला काय झालं तुला?" साहेबांनी बैठकीत विचारलंय, बसमध्ये अनोळखी बाईने विचारलंय. मी उत्तर द्यायचं सोडून दिलं, आणि खरं हसणंही.

माझी धाकटी बहीण लता लग्न झाल्यापासून दुबईत असते. तिची मुलगी ईशानी तिथेच वाढली, आता सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कंपनीत नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात ईशानीने मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. लालसर मातीचं माणसाचं डोकं, डोक्यावर पट्टा बांधलेला, मागून वर गेलेली कमानदार नळी. खाली तिने लिहिलं होतं, "मावशी, सेम टू सेम तू. क्यूट ना?"

मी तो फोटो मोठा करून बघितला. मग चष्मा पुसून परत बघितला. आठवडाभराने पासपोर्टचा अर्ज भरला.

डिस्कव्हरी गार्डन्स

लताचं घर डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, दुसऱ्या मजल्यावर. नाव ऐकून मला बागा वाटल्या होत्या. बुटक्या इमारतींच्या रांगा आहेत, मध्ये झाडं आहेत आणि झाडांच्या बुंध्याशी काळ्या नळ्या फिरवलेल्या आहेत. थेंब थेंब पाणी. आमच्या खात्याने ठिबकची इतकी भाषणं केली, पण इतकं शिस्तीत ते मी तिथेच पाहिलं. लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण हसून "हाउ आर यू" म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता मोबाइलकडे वळतो. मला ते सोयीचं वाटलं. तिथे कुणी चेहऱ्याकडे दुसऱ्यांदा बघत नाही.

लताने पहिल्याच दिवशी भरली वांगी केली. मी नेलेला मसाला तिने डबा उघडून आधी नाकाला लावला. जेवताना म्हणाली, "ताई, मी सगळं प्लॅन केलंय. फ्रायडेला क्रीकमध्ये बोट, सॅटर्डेला डेझर्ट सफारी."

"शुक्रवारी मला शारजाला जायचंय," मी म्हणाले. "ईशानीने फोटो पाठवला होता ते बघायला."

लताने ईशानीकडे पाहिलं. ईशानी म्हणाली, "व्हॉट? आय लाइक्ड इट. मावशीला पण आवडलं."

"तुला काही कळतं का?" लता तिला म्हणाली, आणि मग मला, हळू आवाजात, "ताई, कशाला तिथे जाऊन उभं राहायचं? लोक बघतील."

"काय बघतील?"

लता उठून भात आणायला गेली. भात ताटात पुरेसा होता.

शुक्रवार

लता माझ्याबरोबर आली, पण तोंड फुगवून. मेट्रोने युनियन स्टेशनपर्यंत, तिथून बसने शारजा, पुढे टॅक्सी. टॅक्सीवाला पेशावरचा होता. पत्ता ऐकून म्हणाला, "खाला, वहाँ तो सिर्फ गॅरेज है." त्याचं खरं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघडलेली बॉनेटं, रचलेले टायर, निळ्या कपड्यांतली माणसं, आणि मागून हॉर्न वाजवून "यल्ला, यल्ला" करणारे ट्रकवाले. गोदाम सापडलं. बाहेरून पांढरं रंगवलेलं, दाराला काच. दार बंद. शुक्रवारी संध्याकाळी चारला उघडतं, अशी पाटी होती. घड्याळात साडेदहा वाजले होते.

"खलास," लता म्हणाली. "चल, घरी."

"मी थांबते. तू जा हवं तर."

ती गेली नाही. शेजारच्या छोट्या हॉटेलात आम्ही साडेपाच तास काढले. मलबारी पराठा, अंड्याचा रस्सा, वेलदोड्याचा घट्ट दुधाळ चहा. मालक कोझिकोडचा होता. चहा पिताना माझ्या तोंडातून थोडा सांडतो म्हणून मी नेहमी हनुवटीला रुमाल धरते. त्याने न विचारता कागदी रुमालांचा अख्खा गठ्ठा माझ्या बाजूला आणून ठेवला. दुपारी बांग झाली. गॅरेजची शटरं खाली आली. माणसं हातपाय धुऊन सतरंज्या घेऊन निघाली आणि मशिदीत जागा पुरली नाही ती फुटपाथवर बसली. एवढा गोंगाटाचा रस्ता, अर्धा तास मुका झाला. लतानेसुद्धा इतक्या वर्षांत हे असं बसून पाहिलं नव्हतं, असं ती म्हणाली. तिचा राग थोडा उतरला होता.

चार वाजता दार उघडलं.

हा संग्रह तिथल्या एका व्यापारी कुटुंबाचा आहे. त्यांचं आणि दालनाचं नाव मी देत नाही, कारण पुढे जे झालं त्यामुळे त्यांना कमीपणा यावा असं मला वाटत नाही. आत थंडगार, अंधूक उजेड आणि काचेच्या उभ्या पेट्यांमध्ये ती माणसं. मोचे नावाच्या लोकांनी केलेली. गुडघ्यावर बसलेला योद्धा, मूल पाठीला बांधलेली बाई, झोपी गेलेला म्हातारा, गळ्यात दोर घातलेला नागडा कैदी. प्रत्येक जण मुळात बाटली आहे. पोटात द्रव ठेवायचा आणि डोक्यामागून दोन नळ्या निघून कमानीसारख्या वर एका तोंडाला मिळतात, तिथून ओतायचं.

भिंतीवर माहिती लिहिली होती. या लोकांना लिपी नव्हती. त्यांनी वाळवंटात डोंगरातलं पाणी कालव्यांनी आणून शेती केली. हे वाचून मला एकदम घरचं वाटलं. दोन नळ्यांची एक होते तिथे मला आमच्या दोन चाऱ्यांचा संगम दिसला. ती भांडी बरीचशी थडग्यांत सापडली. योद्धा म्हणजे काय, कैदी म्हणजे काय, कमान म्हणजे काय, याची उत्तरं प्रत्येक पाटीवर होती. हे सत्तेचं प्रतीक, ते बळीचं, ते सुपीकतेचं. लिपी नसलेल्या लोकांबद्दल इतक्या खात्रीने कोण सांगतंय, असं माझ्या मनात येऊन गेलं.

सातव्या पेटीत तो होता.

मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि आरशासमोर उभी आहे असं वाटलं. माझी उजवी बाजू गेलेली, त्याची डावी. कपाळावर बारीक रेघा कोरलेल्या, पण फक्त उजव्या अर्ध्यावर. डावं कपाळ गुळगुळीत. डाव्या डोळ्याची खालची पापणी लोंबलेली. नाकापासून ओठापर्यंतची घडी उजवीकडे खोल, डावीकडे नाहीच. आणि ओठ उजवीकडे ओढलेले.

खाली अरबी आणि इंग्रजीत पाटी होती. "हसणारा माणूस. सणाच्या मद्याने धुंद. आनंदाचं प्रतीक."

लता माझ्या शेजारी होती. तिने पाटी वाचली आणि मान फिरवली. मी पिशवीतून वही काढली.

शनिवार आणि रविवार

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. डेझर्ट सफारीचं आरक्षण लताने रद्द केलं आणि मला डबा करून दिला. बोलली मात्र नाही.

मी पेटीसमोर स्टूल मागून घेतलं आणि चित्र काढायला लागले. मोकळ्या हाताने नाही, नकाशा काढतात तसं. मधोमध उभी रेघ, मग भुवया, डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, ओठांची टोकं यांवरून आडव्या रेघा. दालनात देखरेखीला एक बाई होती, पन्नाशीची, काळ्या कोटातली. ती माझ्या आसपास दोनदा फिरली. तिसऱ्या वेळी इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, ओन्ली पेन्सिल अलाउड. अँड प्लीज, नो मेकिंग फन."

"मी चेष्टा करत नाही," माझ्या तोंडून मराठीतच निघालं. "माझा चेहराच असा आहे."

ती थबकली. "तुम्ही मराठी?" मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं, पेटीतल्या माणसाकडे पाहिलं, आणि परत माझ्याकडे. "सॉरी हं. खरंच सॉरी. मला वाटलं तुम्ही हसताय."

तिचं नाव अ‍ॅग्नेस. वसईची. आधी हॉटेलच्या रिसेप्शनला होती, आता चार वर्षं या दालनात. जेवणाच्या सुट्टीत तिने मागच्या खोलीत नेलं. आम्ही माझी मेथीची भाजी-पोळी आणि तिचं बोंबलाचं कालवण वाटून खाल्लं.

"रोज बघते मी त्याला," ती म्हणाली. "स्कूलची मुलं येतात, त्याच्यासारखं तोंड करून सेल्फी काढतात. मी पण ती पाटी वाचली आणि मान्य केलं. कोण विचार करतंय?"

"पाटी बदलायला कुणाला सांगायचं?"

"डॉक्टर रीम. क्युरेटर आहेत, सगळी मांडणी त्यांची. पण त्या अम्मानला गेल्यात. फॉर्म भरून ठेवा. इन्शाल्ला, बघतील."

तिथे 'इन्शाल्ला' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक देवाच्या इच्छेचा आणि दुसरा आपल्या सरकारी 'बघू'चा. अ‍ॅग्नेसचा चेहरा दुसरा अर्थ सांगत होता. रविवारी जाऊन मी फॉर्म भरला. जागा पुरली नाही म्हणून मागे लिहिलं, तीही संपली तेव्हा वहीचं पान जोडलं.

मंगळवार

सोमवारी दालन बंद असतं. मंगळवारी दालनाच्या कार्यालयाचं उत्तर तयार होतं, अ‍ॅग्नेसनेच हातात दिलं. आभार मानले होते. पाटीवरचा मजकूर संग्रहाबरोबर आलेल्या जुन्या सूचीवरून घेतला आहे, आणि पाहुण्यांच्या वैयक्तिक मतावरून त्यात बदल करता येत नाही.

अशी उत्तरं मी स्वतः टाइप करायला दिलेली आहेत. त्यांची भाषा मला पाठ आहे. मत म्हणून अर्ज दिला तर तो दप्तरी दाखल होतो. मोजमाप म्हणून दिला तर कुणाला तरी ते तपासावं लागतं.

"रीम मॅडम परत कधी येणार?" मी विचारलं.

"गुरुवारी सकाळी दहाला. पण त्या बिझी असतात हो."

"मी दहाला इथे असेन. त्यांना एवढं सांग की मी भांडं मोजून आणलंय."

परतताना करामाला उतरले आणि स्टेशनरीच्या दुकानात ट्रेसिंग पेपर मागितला. दुकानदाराने कपाटाच्या वरून गुंडाळी काढली, धूळ झटकली आणि विचारलं, "आजकल कौन लेता है ये?"

बुधवार, लताचं घर

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाल्कनीच्या दाराशी खुर्ची ओढली. उजेड चांगला होता. आरशात बघून स्वतःचा चेहरा मोजायचा प्रयत्न केला, पण कर्कटक धरला की हात मध्ये येई आणि मान हलली की माप चुके. लता भाजी निवडत होती. तिने बराच वेळ बघून न बघितल्यासारखं केलं. शेवटी मीच म्हणाले, "लता, जरा ये. पट्टी धर."

ती आली. मी तिला दाखवलं. कपाळाच्या मध्यापासून हनुवटीच्या मध्यापर्यंत एक दोरा लाव. आता त्या दोऱ्यापासून डावं ओठाचं टोक किती, उजवं किती. ती मोजून सांगायची, मी लिहायचे. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. बत्तीस वर्षांत माझ्याकडे इतक्या जवळून फक्त डॉक्टरांनी पाहिलं होतं.

"डोळा मिट," ती म्हणाली. मी मिटला. "उजवा राहतोय. दोन मिलिमीटर." तिचा आवाज बदलला. "रात्रीसुद्धा असाच राहतो?"

"हो. चिकटपट्टी लावून झोपते."

"अजून?"

"अजून."

तिने पट्टी मांडीवर ठेवली. "ताई, माझ्या लग्नात फोटोग्राफर सगळ्यांना उभं करत होता. मी तुला म्हटलं होतं, कडेला उभी राहा आणि पदर घे तोंडावरून."

"आठवतंय."

"तू काहीच बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुला वाटलं असतं मी हसून बोलतेय."

लता रडली. मी तिला रडू दिलं. मला त्या फोटोचा राग कधी आला नाही असं मी म्हटलं नाही, कारण आला होता, आणि बरीच वर्षं टिकला होता. थोड्या वेळाने तिने नाक पुसलं आणि पट्टी उचलली. "भुवई राहिली," ती म्हणाली. "वर कर."

दुपारपर्यंत माझा चेहरा ट्रेसिंग पेपरवर उतरला, भांड्याच्याच प्रमाणात. मग मी कागद उलटा केला आणि भांड्याच्या चित्रावर ठेवला. अनुरेखकाला ही सवयच असते, कागद उलटला की उजव्याचं डावं होतं. रेघांवर रेघा बसल्या. ईशानी घरूनच काम करत होती. ती मागे येऊन उभी राहिली.

"ओ माय गॉड, मावशी," ती म्हणाली. "धिस इज डेटा."

मग थोड्या वेळाने, मराठीत, अडखळत, "मी क्यूट म्हटलं ना तेव्हा... आय डिडन्ट नो. मला कुणी सांगितलंच नाही तुला काय झालं ते."

खरं होतं. आमच्या घरात ते कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं.

गुरुवार

डॉक्टर रीम चाळिशीच्या, उंच, डोक्याला राखाडी रुमाल. उद्धट नव्हत्या, घाईत होत्या. दहा मिनिटं देते म्हणाल्या. आम्ही सातव्या पेटीसमोर उभ्या राहिलो, मी, लता, त्या, आणि मागे अ‍ॅग्नेस. मी माझ्या खात्याच्या इंग्रजीत सुरुवात केली. मध्यरेषा, अंतरं, फरक. उलटा कागद चित्रावर ठेवून दाखवला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि पेटीसमोर उंच करून पाहिला. "काम फार स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "पण कुंभाराने मुद्दाम अतिशयोक्ती केली असेल. डोळा मारणारा माणूस, पिऊन वेडंवाकडं हसणारा माणूस. हे नाही असं कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मी भुवया वर केल्या. "बघा, माझ्या कपाळावर एकाच बाजूला आठ्या पडतात. त्यानेही एकाच बाजूला कोरल्यात. पिऊन कपाळ अर्धं सपाट होत नाही."

"बरोबर. पण तोंड?"

"माणूस हसला की गाल वर चढतो आणि त्या बाजूचा डोळा बारीक होतो. याची चांगली बाजू बघा. गाल जागेवर आहे, डोळा पूर्ण उघडा आहे. हा शांत बसलाय. दुसरी बाजू पडली म्हणून ओठ इकडे ओढले गेलेत."

रीम काचेजवळ वाकल्या. मग वळून म्हणाल्या, "मला फरक बघायचा आहे. तुम्ही हसून दाखवाल का?"

ही मागणी येईल हे मी धरलंच नव्हतं. लोकांसमोर तोंड उघडून हसायचं मी कधीच सोडलं होतं. हसले की चेहऱ्याचा एक अर्धा भाग उचलतो आणि दुसरा तिथेच लटकतो, ते कसं दिसतं हे मला माहीत आहे. मी प्रयत्न केला. ओठ हलले, पण ते हसू नव्हतं, हे मलाही कळलं.

मागून लता म्हणाली, "ताई, मोरे मास्तर बेडूक."

मोरे मास्तर आम्हाला भूगोल शिकवायचे. एकदा त्यांनी खडूच्या डब्यात हात घातला आणि आत बेडूक होता. त्यांनी जो आवाज काढला तो लता लहानपणी हुबेहूब काढायची. त्या थंड, अंधूक दालनात, पंचावन्न वर्षांची, पर्स हातात घट्ट धरून, तिने तो आवाज काढला.

मी हसले. पोट धरून, दात दाखवून. उजव्या डोळ्यातून पाणी वाहिलं, डावा मिटून गेला. अ‍ॅग्नेसही हसायला लागली, कशाला ते तिला माहीत नव्हतं. रीम माझ्याकडे बघत होत्या, मग भांड्याकडे, मग परत माझ्याकडे. मला एकदाही मान खाली घालावीशी वाटली नाही. मी चौतीस वर्षं नकाशे पुरावा म्हणून दिले. त्या दिवशी चेहरा दिला.

"नाही," रीम शेवटी म्हणाल्या. "हा हसत नाहीये."

दहा मिनिटांचा तास झाला. त्यांनी आतून जुनी सूची आणली. तिच्यात 'हसणारा' हा एकच शब्द होता, प्रश्नचिन्हासकट. प्रश्नचिन्ह पुढे कधीतरी गळालं होतं. 'मद्य' आणि 'आनंद' नंतर कुणीतरी जोडलेले. मग त्यांनी मला सांगितलं की मोचे लोकांनी अंध माणसं, पाय नसलेली, ओठ फाटलेली, अशी बरीच घडवली. काही अभ्यासक म्हणतात की असे लोक त्यांच्यात पवित्र मानले जात, जिवंत आणि मेलेले यांच्यामधले दूत. काहींना ते पटत नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी मला विचारलं.

मी विचार करून सांगितलं. बत्तीस वर्षांत मला लोकांनी आगाऊ म्हटलं, अपशकुनी म्हटलं, आणि एका बाईने तर देवीचा संचार आहे म्हणून पायही धरले होते. तिन्ही वेळा मी घरी येऊन तोंड धुतलं आणि स्वयंपाकाला लागले. मला कशाचंच प्रतीक व्हायचं नव्हतं. यालाही विचारलं असतं तर तो बहुधा तेच म्हणाला असता.

रीमनी ते वहीत लिहून घेतलं.

शनिवार, निघण्याच्या आदल्या दिवशी

शेवटचं एकदा बघायला दुपारी गेले. पाटी काढलेली होती. नवीन मजकूर संग्राहक कुटुंबाच्या मंजुरीला गेला आहे, त्याला वेळ लागेल, असं अ‍ॅग्नेसने सांगितलं. तोपर्यंत एक छोटी चिठ्ठी लावली होती, तीन ओळींची. "मातीचं भांडं. मोचे. माणसाचा चेहरा."

मी बाजूच्या बाकावर बसले. शाळेतल्या दोन मुली आल्या, चिठ्ठी वाचून थोडा वेळ थांबल्या आणि पुढे गेल्या. सेल्फी काढला नाही. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं.

मग एक माणूस आला. शेजारच्या गॅरेजमधला असावा, निळ्या कपड्यांवर पांढऱ्या पुट्टीचे डाग, दार ढकलताना हात पुसत आलेला. जेवणाच्या सुट्टीत थंडाव्याला येतात असे काही जण, अ‍ॅग्नेस त्यांना अडवत नाही. तो सगळ्या पेट्यांवरून भराभर आला आणि सातवीसमोर थांबला. एकदा या बाजूने वाकून बघितलं, एकदा त्या बाजूने. मग मी बसले आहे हे त्याच्या लक्षात आलं. माझा चेहरा पाहून त्याने नजर वळवली नाही.

"बाजी, इसको क्या हुआ था?" त्याने विचारलं.

"लकवा," मी म्हणाले. "चेहरे का. मुझे भी हुआ था."

"अच्छा." तो परत भांड्याकडे वळला. "खाने में तकलीफ होती होगी."

"चाय गिरती है."

त्याने मान हलवली. तो सियालकोटचा, नाव अश्रफ. गाड्यांचं डेंटिंगचं काम करतो, बावीस वर्षं. धडकलेली गाडी आली की पत्रा ठोकून दोन्ही बाजू सारख्या करायच्या. हाताने चाचपून त्याला केसाएवढा फरकही कळतो, असं त्याने सांगितलं. आणि सांगता सांगता त्याचा तळवा काचेसमोर हवेत त्या चेहऱ्यावरून फिरत होता, उजव्या गालावरून, नाकावरून, पडलेल्या डाव्या गालावर.

"मिट्टी तो नरम होती है," तो म्हणाला. "अंगूठे से दबाता, दोनों साइड बराबर हो जाती. दो मिनट का काम है."

"हो," मी म्हणाले.

"बनाने वाले को आता था." तो अजून त्या गालाकडेच बघत होता. "फिर भी उसने बराबर नहीं किया."